जुनी गाडी देताना, नवी घेताना : कोल्हापूरकर कुटुंबासाठी पायरीपायरीने

शोरूममध्ये गाडी बदलायला जाणारा माणूस प्रत्यक्षात तीन व्यवहार करत असतो : जुनी गाडी विकणे, नवी गाडी विकत घेणे आणि मधल्या फरकाच्या पैशांची व विम्याची सोय लावणे. डीलरच्या टेबलावर मात्र हे तिन्ही व्यवहार एकाच कागदावर येतात, आणि पहिल्यांदाच गाडी बदलणारे कुटुंब तळाच्या एका आकड्याकडे पाहून 'जमते' किंवा 'जमत नाही' एवढेच ठरवते. जुन्या गाडीला दहा हजार वाढवून मिळाल्याच्या आनंदात विमा आणि ॲक्सेसरीज या दोन ओळींत पंधरा हजार कसे निघून जातात, हे मी स्वतः एकदा अनुभवले आहे. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांत एकच आग्रह आहे : तिन्ही व्यवहारांचे आकडे शेवटपर्यंत वेगळे लिहून घ्यावेत आणि एकाची वजाबाकी दुसऱ्यात होऊ देऊ नये.

गाडी खरोखर बदलायची आहे का

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असा समज आपल्याकडे बराच पसरला आहे. तो महाराष्ट्रापुरता तरी खरा नाही. खाजगी कारची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी आरटीओत तपासणीला नेऊन, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्याचे केंद्रीय शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. त्यामुळे प्रश्न कायद्याचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे : नूतनीकरण, चार टायर, बॅटरी, क्लच आणि सस्पेन्शन यांचा खर्च मिळून गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, तर बदलण्याचा विचार रास्त ठरतो.

हा निर्णय शोरूममध्ये नव्हे, तर आपल्या नेहमीच्या मिस्त्रींकडे व्हावा. आमची पेट्रोल हॅचबॅक २००९ सालची. पंधरावे वर्ष सरत आले तेव्हा मी ती उद्यमनगरातील आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. गाडी रॅम्पवर घेतली, चालकाच्या पायाखालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले, आणि दोन ठिकाणी 'टण'ऐवजी 'भद' असा आवाज आला. "इंजिन अजून पाच वर्षं चालेल काका, पत्रा टिकणार नाही," एवढेच ते म्हणाले. कोल्हापूरचा पाऊस आणि वर्षातून चार वेळा गगनबावड्याच्या घाटाने कोकणात उतरणे यांमुळे गाडी खालून आधी जाते, आणि खालचा गंज वरून दिसत नाही. सस्पेन्शन जिथे बसवलेले असते तेथील पत्रा खाल्ला गेला असेल, तर घाटउताराच्या दृष्टीने ती गाडी ठेवू नये.

इंधनाचाही मुद्दा आता लक्षात घ्यावा लागतो. पंपांवर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या प्रमाणासाठी तयार केलेल्या नाहीत. म्हणून जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट वेळोवेळी तपासून घ्याव्यात. ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांतूनही जाते, त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडाने करायची, हा भाग वेगळा.

आधी कागदांची फाइल

जुन्या गाडीचे कागद स्वच्छ नसतील तर डीलर भाव पाडतो, आणि त्याचे ते वागणे चूकही म्हणता येत नाही. आरसीवर नाव कोणाचे आहे, ते प्रथम पाहावे. आपल्याकडे अनेक घरांत गाडी वडिलांच्या नावावर असते, वडील जाऊन तीन-चार वर्षे होतात आणि मुलगा तशीच चालवत राहतो. नियमानुसार मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. हे राहिले असेल तर गाडी विकण्याआधी ते पूर्ण करावे, कारण मृत व्यक्तीच्या वतीने विक्रीच्या फॉर्मवर कोणीही सही करू शकत नाही. कोणी 'सही मारून टाका, बघतो आम्ही' असे सुचवले, तर तेथून उठावे.

दुसरी गोष्ट बोज्याची. कर्ज फिटले म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो उतरवावा लागतो. हे काम दहा वर्षांपूर्वीच झाले असावे असे समजून चालणाऱ्यांत मीही होतो. आमच्या आरसीवर बोजा तसाच निघाला आणि कर्ज दिलेल्या शाखेचे दरम्यान दुसऱ्या शाखेत विलीनीकरण झालेले असल्यामुळे त्या एका कागदासाठी माझे तीन आठवडे गेले.

याखेरीज थकीत ई-चलने भरून टाकावीत, पीयूसी आणि विमा चालू आहे याची खात्री करावी, आणि दुसरी किल्ली शोधून ठेवावी. दुसरी किल्ली नसेल तर भावात कपात होते. सर्व्हिसची बिले असतील तर तीही तारखेप्रमाणे लावून ठेवावीत.

नवी गाडी निवडताना, थोडक्यात

गाड्यांच्या तुलनेवर पुष्कळ लिहिले-बोलले जाते, म्हणून येथे फक्त चार सूचना करतो. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ अशा जुन्या वस्तीत घर असेल, तर आधी टेप घेऊन बोळ आणि पार्किंगची जागा मोजावी; हल्लीच्या छोट्या एसयूव्ही आरसे सोडून सुमारे १.८ मीटर रुंद असतात आणि दार उघडून माणूस उतरायला आणखी जागा लागते. दुसरे असे, की रोजचा प्रवास घर, शाळा, मंडई असा दोन-चार किलोमीटरचाच असेल तर डिझेल घेऊ नये. भारत स्टेज ६ डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते. तिसरी गोष्ट सुरक्षिततेची : भारत एनकॅप ही आपली धडक-चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, तिचा निकाल उपलब्ध असल्यास पाहावा.

चौथी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टेस्ट ड्राइव्हला घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला सोबत न्यावे. माझ्या आईचे गुडघे दुखतात. एका गाडीत बसण्यासाठी तिला वर चढावे लागले, दुसरीत खाली वाकावे लागले. तिसरीत ती आधी बसली आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. "ही बरी," एवढेच ती म्हणाली, आणि जी यादी मी दोन महिने करत होतो ती तेथेच संपली. शोरूमवाले बहुधा सरळ हायवेवर एक फेरी मारून आणतात. चार माणसे बसवून, एसी लावून, वाघबिळाचा चढ चढवून पाहण्याची मागणी करावी. फार तर नाही म्हणतील.

जुन्या गाडीचा भाव आधी ठरवावा

नव्या गाडीच्या किमतीवर बोलणे सुरू करण्यापूर्वी जुन्या गाडीचे किमान तीन भाव हातात असले पाहिजेत : एक शोरूमच्या मूल्यांकनकाराचा, एक शहरातील जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याचा, आणि एक ऑनलाइन खरेदी करणाऱ्या एखाद्या कंपनीचा. ओळखीत किंवा भावकीत कोणी घेणारा असेल तर तो चौथा. सर्वांत जास्त भाव बहुधा तोच देतो, पण पुढची पाच वर्षे गाडीतल्या प्रत्येक आवाजाबद्दल तो तुम्हालाच विचारेल, हेही जमेस धरावे.

भाव काढण्याआधी गाडी धुऊन, आतून स्वच्छ करून न्यावी. डेंटिंग-पेंटिंगवर मात्र खर्च करू नये, कारण नवा रंग दिसला की मूल्यांकनकार अपघाताची शंका घेतो. त्याच्या हातातील यंत्र रंगाच्या थराची जाडी मोजते.

एक कोल्हापुरी बाब येथे सांगितलीच पाहिजे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, नागाळा पार्क, दसरा चौक अशा भागांत शिरले आणि असंख्य गाड्या पाण्यात राहिल्या. आपली गाडी त्यांतील असेल तर ती गोष्ट लपवू नये. विम्याच्या दाव्याच्या नोंदीतून ती कळतेच, आणि नंतर कळली की ठरलेला भाव डिलिव्हरीच्या दिवशी मोडतो. उलट, जे लोक नवीऐवजी वापरलेली गाडी घेणार आहेत त्यांनी याच गोष्टीचा शोध स्वतः घ्यावा. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पट्टा जिथे रोज बाहेर येत नाही त्या भागावर गाळाची पिवळसर रेघ राहिलेली असते. स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या पायांचे नटबोल्ट आणि गालिच्याखालची वायर यांवरचा गंजही बोलका असतो. निपाणी-बेळगावकडची केए पासिंगची गाडी स्वस्त दिसते म्हणून घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ती महाराष्ट्रात ठेवायची असेल तर नोंदणी बदलून येथील कर भरावा लागतो. तो खर्च मिळवला की स्वस्ताई बरीच उतरते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना त्याचा लाभ होतो. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो, त्यामुळे शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी काय मिळाले होते, तो आकडा डोक्यातून काढून टाकावा.

'एक्स्चेंज बोनस' हा कंपनीकडून मिळणारा वेगळा लाभ आहे, जुन्या गाडीची किंमत नव्हे. मूल्यांकनकार १ लाख ३० हजार सांगतो आणि त्यात बोनसचे ३० हजार धरलेले असतात, असे सर्रास होते. 'बोनस सोडून गाडीचे किती?' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर कोटेशनवर वेगळ्या ओळीत लिहून घ्यावे. बोनससाठी जुनी आणि नवी गाडी एकाच व्यक्तीच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या नावावर असण्याची अट सर्वसाधारणपणे असते, हेही आधीच विचारून ठेवावे.

शोरूममधील बोलणी

कोल्हापुरात गाड्यांचा बाजार दोन गोष्टींवर हलतो : मुहूर्त आणि उसाचे बिल. दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा आणि अक्षय तृतीया या दिवशी डिलिव्हरी घेणाऱ्यांची इतकी रीघ असते, की सूट मागणाऱ्याकडे पाहायलाही कोणाला फुरसत नसते. गळीत हंगाम सुरू होऊन कारखान्यांची बिले जमा होऊ लागली की ग्रामीण भागातून पुन्हा मागणी वाढते. याउलट पितृपक्षात शोरूम ओस असते. त्या दिवसांत बुकिंग करण्यास घरातील वडीलधाऱ्यांची हरकत असू शकेल; परंतु कोटेशन लिहून घेण्याला पितृपक्षाची आडकाठी नाही. भाव तेव्हा ठरवावा, बुकिंग घटस्थापनेला करावे आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्यावी. महिनाअखेरीस विक्रीचे लक्ष्य गाठण्याची घाई असते, तीही कामी येते. डिसेंबरात मिळणारी मोठी सूट मात्र सरत्या वर्षात तयार झालेल्या गाडीवर असते. गाडी आठ-दहा वर्षे वापरणाऱ्याने ती खुशाल घ्यावी. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याला ती सूट परत द्यावी लागते, कारण आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते.

एकाच कंपनीच्या दोन डीलरांकडून, शक्य असल्यास एक कोल्हापूरचा आणि एक सांगलीचा किंवा पुण्याचा, कोटेशन घ्यावे. महाराष्ट्रात रस्ता कराचा दर सगळीकडे एकच आहे आणि गाडी पुण्यातून घेतली तरी घरच्या पत्त्यावर एमएच ०९ पासिंग होऊ शकते. तरीही माझे मत असे, की पाच-सात हजारांच्या फरकासाठी परगावची गाडी घेऊ नये. पहिल्या वर्षात एखादी तक्रार निघाली तर दाद मागायला शिरोली किंवा उचगावपर्यंत जाणे आणि पुण्यापर्यंत जाणे यांत फरक आहे. पुण्याचे कोटेशन खिशात ठेवण्यासाठी असते.

आता कोटेशन ओळीओळीने वाचावे. 'ऑन-रोड इतके' असे तोंडी उत्तर स्वीकारू नये; छापील, शिक्क्याचे, तारखेचे कोटेशन मागावे. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, तिच्यात डीलरला फार हात घालता येत नाही. सूट मिळाली तर ती या ओळीखाली वजा झालेली दिसली पाहिजे. त्यानंतर रस्ता कर : पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के; डिझेलवर अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ८८ हजारांच्या आसपास. नोंदणीचे केंद्रीय शुल्क कारसाठी ६०० रुपये आहे आणि कर्ज असेल तर बोजा नोंदवण्याचे १,५००. म्हणून 'आरटीओ खर्च' या नावाखाली कर सोडून आठ-दहा हजार लिहिलेले दिसले, तर ते कशाचे, हे शांतपणे विचारावे. कर आणि शुल्क यांची सरकारी पावती निघते. ती देण्याचे कबूल करून घ्यावे.

गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्या नावे आधीच वसूल केलेला प्राप्तिकर, लागतो. हा खर्च नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. शोरूममधील माणूस हे बहुधा सांगत नाही आणि अनेक शेतकरी कुटुंबे विवरणपत्र भरत नसल्यामुळे ते पैसे तसेच राहतात.

'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'डेपो' अशा नावांच्या शुल्कांना कोणताही सरकारी आधार नाही. आमच्या कोटेशनवर अशी ७,५०० रुपयांची ओळ होती. मी तिच्यावर पेन्सिलीने गोल केला. समोरच्या तरुण विक्री प्रतिनिधीने "सर, हे सगळेच देतात," असे म्हटले. मी म्हटले, "मग यासमोर कोणती सेवा ते लिहून सही करून द्या." तो मॅनेजरकडे गेला, चहा आला, दहा मिनिटांनी नवीन प्रिंट आली आणि तीत ती ओळ नव्हती. मात्र ॲक्सेसरीजच्या पॅकेजमध्ये नेमके सहा हजार वाढलेले होते. म्हणून प्रत्येक नवी प्रिंट पहिल्या ओळीपासून वाचावी आणि जुनी प्रिंट परत देऊ नये. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप यांची किंमत बाहेर विचारून ठेवावी. घेणे सक्तीचे नाही. फक्त वायर तोडून जोडावी लागणारी वस्तू, उदाहरणार्थ जादा दिवे किंवा वेगळा हॉर्न, बाहेर बसवू नये, कारण त्या कारणावरून वॉरंटी नाकारली जाऊ शकते. एक्स्टेंडेड वॉरंटीचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागत नाही. मूळ वॉरंटी संपण्याआधी ती सामान्यतः नंतरही घेता येते.

विमा आणि कर्ज : डीलरची खरी कमाई

नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दर वर्षी घेता येतो. हा विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरचे कोटेशन आणताना तीच विमा रक्कम आणि तीच ॲड-ऑन (जादा पैसे देऊन घेतलेली संरक्षणे) असतील याची काळजी घ्यावी, नाहीतर तुलना फसते. कोल्हापूरकराने 'झीरो डेप' (घसारा न कापता सुट्या भागांची भरपाई) याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, 'इंजिन प्रोटेक्ट' या ॲड-ऑनकडे लक्ष द्यावे. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर साधी पॉलिसी ते नुकसान बहुधा नाकारते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आले की इशारा आणि ४३ फुटांना धोका असतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. आपल्या पॉलिसीत हे ॲड-ऑन आहे की नाही, हे मात्र घरातील कर्त्यालाही अनेकदा माहीत नसते.

सर्वांत जास्त पैसे ज्या ठिकाणी सुटतात ते म्हणजे नो क्लेम बोनस. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो आणि नव्या गाडीच्या नुकसान-विम्याच्या हप्त्यातून तितकी सवलत मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ती मिळत नाही. जुनी गाडी दिल्याचा पुरावा जुन्या विमा कंपनीला देऊन बोनस राखून ठेवल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, ते तीन वर्षे चालते. नुकसान-विम्याचा हप्ता २० हजार असेल तर १० हजार वाचतात. शोरूममध्ये तुम्ही स्वतः विषय काढला नाही, तर तो निघेलच असे नाही.

कर्जाच्या बाबतीत 'महिन्याला किती' या प्रश्नात अडकू नये. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार होते. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,८७० वर उतरतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जाते. 'फ्लॅट रेट' हा शब्द कानी पडला तर अधिकच सावध व्हावे, कारण त्यात फेडून झालेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज लागत राहते : नऊ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांत ३ लाख ६० हजार व्याज. आपल्या बचत खात्याच्या बँकेचा दर आधी विचारून जावे आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती दंड, हे लेखी घ्यावे.

बुकिंग, तपासणी, डिलिव्हरी

बुकिंगचे पैसे फक्त डीलरशिपच्या खात्यात भरावेत. विक्री प्रतिनिधी कितीही ओळखीचा असला, 'दादा, माझ्या नंबरवर टाका, मी लगेच भरतो' असे म्हणाला, तरी नाही. पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग, डिलिव्हरीचा अंदाजे दिवस आणि रद्द केल्यास किती रक्कम परत, हे लिहून घ्यावे. किंमत बुकिंगच्या दिवसाची की डिलिव्हरीच्या दिवसाची, हेही विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर डिलिव्हरीच्या दिवसाची असे येते. रोखीने पैसे देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने बंदी आहे.

गाडी पाहण्याची योग्य वेळ नोंदणीच्या आधीची असते. नंबर पडला की ती गाडी कायद्याने तुमची झाली, मग दरवाजावर ओरखडा निघाला तरी 'पॉलिश करून देतो' यापुढे काही हाती लागत नाही. म्हणून चेसिस नंबर मिळाला की स्टॉकयार्डला जाऊन भर उजेडात गाडी पाहावी. पाऊस नसावा, आणि गाडी धुतलेली असावी. उत्पादनाचा महिना पाहावा. टायरवरील चार अंकी आकड्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी एकाच सुमाराची असावीत. किलोमीटरचा आकडा शंभराच्या वर असेल तर कारण विचारावे. सर्व काचा, दिवे, एसी, पॉवर विंडो, मागचा कॅमेरा चालवून पाहावा, आणि रंगात फरक दिसतो का ते गाडीच्या कडेला बसून, एका रेषेत नजर लावून पाहावे. मला डाव्या मागच्या दरवाजावर नखाएवढा खड्डा दिसला. दुसरी गाडी मिळायला नऊ दिवस लागले, मुहूर्त चुकला आणि घरात चार दिवस अबोला होता. तरी मी ते पुन्हाही करीन.

डिलिव्हरीच्या दिवशी हार, नारळ आणि टायरखालची लिंबे यांच्या गडबडीत कागद मोजायचे राहून जातात. नोंदणी क्रमांकाची हाय सिक्युरिटी पाटी बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. बिल, कराची पावती, विमा पॉलिसी, फास्टॅग, दोन किल्ल्या, वॉरंटीचे पुस्तक आणि टूलकिट ताब्यात घेतल्यावरच सही करावी. नोंदणी करताना नामनिर्देशनाचा रकाना भरायला सांगावा. मालकाच्या मृत्यूनंतर फॉर्म ३१ साठी वारसांना जी धावपळ करावी लागते ती पुढच्या पिढीची बरीच कमी होईल. पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते आणि ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. दोन्हीकडे उपयोगी पडतात ती छापील कोटेशने.

जुनी गाडी नावावरून उतरेपर्यंत

नवी गाडी दारात आली की जुनीचा विसर पडतो आणि येथेच सर्वांत महाग चूक होते. गाडी हातातून गेली तरी आरटीओच्या नोंदीत नाव तुमचे असेल, तर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडूनच मागितली जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. या २००९ सालच्या गाडीच्या आधीची आमची गाडी मी एका मध्यस्थाला कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिली होती. आठ महिन्यांनी सातारा रस्त्यावरच्या दंडाची नोटीस घरी आली, तेव्हा ती गाडी तिसऱ्याच माणसाकडे पोहोचलेली होती आणि मध्यस्थाचा फोन लागत नव्हता.

त्यामुळे मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ भरल्याशिवाय सही करू नये. गाडी ताब्यात देताना तारीख, वेळ, किलोमीटर आणि 'यापुढील जबाबदारी घेणाऱ्याची' असे लिहिलेली डिलिव्हरी पावती घ्यावी, सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा डीलर आरटीओचा अधिकृत परवाना घेतलेला असेल, तर एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९सी द्वारे गाडी त्याच्याकडे दिल्याची नोंद ऑनलाइन करता येते आणि मधल्या काळाची जबाबदारी त्याच्यावर जाते. शोरूमला एक्स्चेंजमध्ये गाडी देत असाल, तर ही नोंद करणार का, हा प्रश्न भाव ठरवतानाच विचारावा. गाडी मोडीतच काढायची असेल, तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रालाच द्यावी. तेथील ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि जुनी नोंदणीही रद्द होते.

गाडी देण्यापूर्वी काचेवरचा फास्टॅग काढून खाते बंद करावे, नाहीतर किणी टोलनाक्यावर दुसऱ्याची गाडी जाते आणि पैसे आपले कापले जातात. म्युझिक सिस्टिममधील फोन नंबर पुसावेत. डॅशबोर्डवरचा गणपती आईने आधीच काढून पदराच्या टोकात बांधून घेतला होता.

यानंतर दर आठवड्याला परिवहन विभागाच्या ॲपवर जुन्या गाडीचा नंबर टाकून पाहत राहावे. तेथे मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरे फुल्यांनी झाकलेली असतात. पण पहिले अक्षर दिसते. आमच्या गाडीचे ते अक्षर एकेचाळिसाव्या दिवशी बदलले. तोवर डिलिव्हरी पावती मी नव्या गाडीच्या कागदांबरोबर न ठेवता वेगळ्या पाकिटात, कपाटाच्या वरच्या खणात ठेवली होती, आणि ती अजून तेथेच आहे.